बिडाच्या तव्याची पाठ

क्लीव्हलँड, १२ ऑक्टोबर

प्रिय सदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "एक तवा बघायला दीडशे किलोमीटर गेलास?" हो, गेलो. सगळं फोनवर सांगता येईना म्हणून लिहायला बसलोय. तुझी उभी हयात शिरोलीच्या फौंड्रीत गेली, तेव्हा हे तुला सांगायलाच हवं.

गेल्या महिन्यात इथल्या जुन्या बाजारात मी बिडाचं एक पॅन घेतलं. पाठीवर दोन वर्तुळं, मधे क्रॉस, त्यात 'ग्रिस्वोल्ड', खाली 'एरी, पेनसिल्व्हेनिया'. विकणारा म्हणाला, १९१० च्या आसपासचं आहे. ५५ डॉलर मोजले. घरी आणून उन्हात तिरकं धरलं, तर अक्षरांच्या कडा गोल झालेल्या, वापरलेल्या साबणावरच्या नावासारख्या. आतून बोट फिरवलं तर खरखरीत. टेप लावला. आठ नंबरचं पॅन तोंडाला साधारण साडेदहा इंच भरतं, हे अडीच मिलिमीटर कमी. ही नक्कल आहे हे तू इथंच ओळखलं असशील. साच्याचा नमुना म्हणजे पॅटर्न करताना, ओतीव गार होऊन आकसतं त्या श्रिंकेजसाठी फुटामागे एक अष्टमांश इंच वाढवून ठेवतात. इथं कुणीतरी तयार पॅनच वाळूत दाबून साचा काढला होता, म्हणून गार होताना ते पुन्हा टक्काभर आकसलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण कुणाच्या तरी हातचं काम असं उचललेलं बघून जास्त लागलं.

मग अस्सल माल हातात घेऊन बघायचा म्हणून एरीतल्या जुन्या भांड्यांच्या दुकानात गेलो. १८६५ मध्ये मॅथ्यू ग्रिस्वोल्डने सेल्डन घराण्यातल्या मंडळींबरोबर तिथं कारखाना काढला, तो बिजागऱ्या करायला. भांडी नंतर आली. पॅनवर साल कुठेच घालत नसत, त्यामुळे सगळा हिशेब पाठीवरच्या खुणांवरून करायचा. नुसतं 'एरी' लिहिलेलं असेल तर साधारण १९०७ च्या आधीचं. मग क्रॉसचा मोठा शिक्का, आणि १९४० च्या सुमारापासून तोच शिक्का लहान झाला. १९५७ मध्ये एरीतलं काम थांबलं आणि नाव ओहायोतल्या सिडनीला गेलं, जिथं वॅग्नरवाले १८९१ पासून भांडी ओतत होते. टेनेसीत जोसेफ लॉजने १८९६ ला सुरू केलेली फौंड्री मात्र अजून चालू आहे.

आठ नंबर म्हणजे आठ इंच नव्हे बरं का. लाकूड-कोळशाच्या शेगडीवरच्या भोकाचा तो नंबर. पॅन त्या भोकावर नीट बसावं म्हणून तळाला कडं असायचं. गॅस आणि वीज आली तसं ते कडं गेलं.

पण त्या दुकानात मी सगळ्यात जास्त वेळ हातात धरून बसलो ते एक बिननावाचं भांडं. पाठीवर ना शिक्का, ना नंबर. फक्त तळाच्या मधोमध बोटभर लांब, उंचवट्यासारखा एक वण. भांडं साच्यात पालथं ठेवून तळावरच्या लांबट फटीतून वितळलेला रस ओतायचे आणि गार झाल्यावर फटीत गोठलेला तुकडा, म्हणजे गेट, तोडायचे, त्याची ही खूण. १८९० नंतर ही पद्धत मागे पडली, म्हणून असा वण दिसला की भांडं बहुधा त्याआधीचं. वणावर कानशीचे ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने, टोकाला किंचित खोल गेलेले. कानस धरणाऱ्याने शेवटी जोर दिला असणार. सदा, तू तासन्‌तास फेटलिंगवर, ओतीव मालाच्या कडा घासायला, उभा असायचास तेव्हा तुझा हात असाच चालायचा ना? ते भांडं मी घेतलं. आधी शिशाची तपासणी केली, कारण इकडे जुन्या भांड्यांत बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसं वितळवायचे. तपासणीत काही निघालं नाही. आता रोज पातळ तेलाचा हात देऊन तापवतोय.

आता तुझ्याकडे एक काम. इकडे येताना आमच्या घरचा बिडाचा तवा मी तुझ्या आईंकडे ठेवला होता. काकू अजून त्यावर घावन घालतात असं तू म्हणालास. तो एकदा गार असताना पालथा कर. मधे वण आहे का बघ. वर पातळ कागद ठेवून आडव्या पेन्सिलने छाप घे, व्यास मोज आणि दोन्ही मला पाठव. आई नेहमी म्हणायची, तो तवा तिच्या सासूच्या लग्नातला. तो कुणी ओतला हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या