शटर दाबण्याआधीचे छायाचित्रण

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

छायाचित्रणावर हल्ली जे लिहून येते, त्यातला बराचसा भाग छायाचित्र काढून झाल्यानंतरच्या कामाविषयी असतो. कोणते ॲप घ्यावे, आकाश गडद कसे करावे, चेहरा उजळ कसा दिसेल, यावर रकानेच्या रकाने भरतात. शटर दाबण्याआधी काय पाहावे, याची मात्र दोन-चार ओळींत बोळवण होते. त्यामुळे कॅमेऱ्यातून निघते ते कच्चेच असायचे आणि खरे काम पुढे संगणकावर व्हायचे, असा नवशिक्यांचा समज होऊन बसतो. तो समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे, असे माझे मत आहे.

अर्थात कोणत्याही प्रक्रियेविना डिजिटल छायाचित्र तयार होते, असा माझा दावा नाही. जेपीईजी फाइल बनताना रंग, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस कॅमेराच ठरवत असतो आणि आजचे बहुतेक मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम टिपून त्यांचे एकच चित्र जुळवतात. फिल्मच्या जमान्यातही डार्करूम, म्हणजे फिल्म धुऊन प्रिंट काढण्याची अंधारी खोली, होतीच. प्रिंटवर अपार मेहनत घेण्याबद्दल अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची ख्याती होती. पण १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या गावावर उगवलेला चंद्र टिपताना त्यांना एक्स्पोजर मीटर (उजेड मोजून फिल्मवर किती प्रकाश पाडायचा, म्हणजे एक्स्पोजर किती, हे सांगणारे उपकरण) सापडेना आणि उजेड तर झपाट्याने उतरत होता, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ असल्यामुळे त्यांनी त्या आकड्यावरून एक्स्पोजर ठरवले. दुसरे छायाचित्र घ्यायला ते सरसावले, तोवर समोरच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरचा उजेड गेलेला होता. डार्करूममधले त्यांचे सारे कसब त्या एका निगेटिव्हवर उभे राहिले. स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना तर प्रिंटमध्ये सावरून घेण्याची सोयही नव्हती, कारण कॅमेऱ्यातली फिल्म धुतली की तीच स्लाइड होई. १९३५ ते २००९ या काळात कोडाक्रोम ही कोडॅक कंपनीची स्लाइड फिल्म विकली गेली आणि तिच्यावर काम करणाऱ्यांना अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणे) चूकही डोळ्यांना दिसत असे.

ती शिस्त आजही उपयोगी आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो. म्हणून बर्फ किंवा पांढरी भिंत मळकट उमटते आणि काळा कोट राखाडी होतो. पांढऱ्यासाठी एक-दीड स्टॉप वाढवायचा आणि काळ्यासाठी तेवढाच उतरवायचा, एवढे कळले तरी पुढची निम्मी दुरुस्ती वाचते. त्यातही उजळ भाग आधी सांभाळावा, कारण अंधारातला तपशील थोडाफार वर काढता येतो, परंतु जिथे सेन्सरची मर्यादा संपून निव्वळ पांढरे उमटले, तिथून काही परत आणता येत नाही. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवले की फोकस आणि उजेड स्थिर होतो व मग बोटानेच उजेड किंचित खाली घेता येतो. बहुतेक फोनमध्ये ही सोय असूनही ती फार थोडे जण वापरतात. (लेन्सवरचे बोटांचे ठसे पुसण्याचे कष्टही फारसे कोणी घेत नाही आणि मग दिव्याभोवती पसरलेल्या धुरकट रेषांचा दोष फोनला दिला जातो.)

खिडकीजवळच्या व्यक्तिचित्राचे उदाहरण पाहावे. खोलीतला पिवळा बल्ब चालू राहिला, तर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट येतो, कारण दिवसाचा प्रकाश साधारण ५,५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) आणि त्या बल्बचा सुमारे २,८०० केल्विनचा असतो; व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्रातले रंग जुळवणारी सेटिंग) कसाही ठेवला तरी दोन्ही गालांना एकदम न्याय मिळत नाही. बल्ब बंद करून, बसणाऱ्याला खिडकीकडे थोडे तिरके वळवून आणि सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरून दोन मिनिटांत जे साधते, ते संगणकावर तासभर घालवूनही तितके सहज दिसत नाही. डोक्यामागे उगवलेला खांबही स्वतः एक पाऊल बाजूला सरकले की जातो. पाणी किंवा काच यांवरची चकाकी तर पोलरायझिंग फिल्टर फिरवून टिपतानाच घालवावी लागते. त्या चकाकीखाली झाकलेले नंतर कोणतेही ॲप खरेखुरे उघड करू शकत नाही, फार तर ते कल्पनेने भरून काढील.

वृत्तछायाचित्रणात हा विषय आवडीनिवडीपुरता राहत नाही. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत उपान्त्य फेरीत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे २० टक्के छायाचित्रे फेरफार किंवा अवाजवी प्रक्रियेमुळे बाद झाली. त्याच वर्षी रॉयटर्सने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉ फाइलवरून (सेन्सरने टिपलेल्या, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या नोंदीवरून) तयार केलेली छायाचित्रे न पाठवता मूळ कॅमेऱ्यातच जेपीईजी म्हणून टिपलेली पाठवण्यास सांगितले. सरसकट असा नियम सगळ्यांना लावावा, असे मला वाटत नाही. रॉमध्ये काम करणाऱ्या कुशल माणसाचे हात बांधण्यात काही अर्थ नाही. मात्र शिकणाऱ्याने काही काळ हे बंधन स्वतःवर घालून घेतले, तर चुकलेले छायाचित्र का चुकले, याचे उत्तर त्याला सेटिंगमध्ये, उजेडात किंवा स्वतःच्या उभे राहण्याच्या जागेत शोधावे लागेल.

म्हणून आपणास विनंती आहे की, वाचकांची छायाचित्रे प्रसिद्ध करताना प्रकाश कोणत्या बाजूने होता, शटरचा वेग व ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र) किती होते आणि नंतर काही बदल केला असल्यास कोणता, एवढी माहिती खाली एका ओळीत द्यावी. छायाचित्र स्पर्धा घेतल्यास कॅमेऱ्यातून निघालेली फाइल जशीच्या तशी स्वीकारणारा एक स्वतंत्र विभाग ठेवावा आणि त्यात क्रॉप चालेल की नाही, हे नियमावलीत आधीच स्पष्ट करावे.

आपला विश्वासू,
एक छायाचित्रप्रेमी वाचक