मंत्रिमहोदय, आमच्या लॅबला पाटकरी द्या

मा. उच्च शिक्षण मंत्रिमहोदय, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. १ एप्रिलला लॅब उघडली आणि सातही कॉम्प्युटरवर एकच संदेश आला: लायसन्सची मुदत संपली. नकाशे बनवायचं महागडं सॉफ्टवेअर तीन वर्षांपूर्वी नारळ फोडून आम्हाला दिलं होतं. नूतनीकरण होईल, अडलं तर माणूस येईल, असं तेव्हा माईकवरून सांगितलं. तीन वर्षांत माणूस एकदाही फिरकला नाही. मी चौदा वेळा फोन लावला. दोनदा उचलला, दोन्ही वेळा "मेल करा" म्हणाले.

माझ्या एम.ए.च्या पाच पोरांनी पांझरा नदीकाठचे फड, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावरची शेतं, आणि विहिरी मोजल्या होत्या. भर मार्चच्या उन्हात, मोबाइलचं जीपीएस घेऊन, २१२ विहिरी. सगळं त्या कंपनीच्या फायलींत अडकलं. प्रबंध ३० एप्रिलला द्यायचा. पिंपळनेरकडची एक मुलगी एवढंच म्हणाली, "सर, आते काय करानं?" मला तिच्याकडे बघवलं नाही.

मग क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं खुलं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. ते फुकट आहे, २००२ पासून जगभरचे लोक मिळून वाढवत आहेत. पण फुकट असलं तरी आमच्यापर्यंत येणार कसं? फाइल एक जीबीच्या आसपास आणि लॅबचं नेट दर दहा मिनिटांनी तुटतं. एसटीने जळगावला मित्राकडे गेलो. त्याचं लायसन्स चालू होतं, म्हणून पोरांची माहिती शेपफाइलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही उघडता येईल अशा नकाशाच्या फाइलमध्ये, काढता आली. क्यूजीआयएस पेनड्राइव्हवर आणलं. आमच्या मशिनांवर विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने त्याची साथ १४ जानेवारी २०२० लाच सोडली. नवी आवृत्ती चालेना, जुनी शोधून टाकली. नकाशा उघडला तर पिंपळनेर, सामोडे, कासारे, सगळ्या गावांची प्रश्नचिन्हं झालेली! शेपफाइल काढताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडली नाही तर देवनागरीची अशी माती होते. सांगणारं कुणी असतं तर पाच मिनिटांचं काम. मला चार रात्री आणि जळगावची दुसरी खेप लागली, पदरच्या पैशाने.

साहेब, फडात बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं असतं, तरी ते शेवटच्या वावरापर्यंत न्यायला पाटकरी नेमलेला असतो आणि त्याचा मेहनताना ठरलेला असतो. आमच्या लॅबला पाटकरी नाही. मुंबईच्या आयआयटीतला 'फॉसी' प्रकल्प खुल्या सॉफ्टवेअरसाठी झटतो, 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत. ते साक्रीच्या पोरापुढे लावून, त्याच्या शेजारी बसून, अडलेलं सोडवणार कोण?

सरकारी कामात खुलं सॉफ्टवेअर वापरावं, असं धोरण केंद्राने २०१५ मध्येच काढलं. मग आमच्या खरेदीत एकाच कंपनीचं नाव कसं आलं? शोधनिबंध वाचायला मिळावेत म्हणून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला तीन वर्षांसाठी ६००० कोटी मंजूर होतात. त्या निबंधांतलं गणित आमच्या पोरांनी स्वतः करून बघायचं कशावर? खरेदीला पैसा निघतो, कारण खरेदीचं उद्घाटन होतं. जे रोज चालवायचं, दुरुस्त करायचं, शिकवायचं, त्याला पैसा नाही. माझंच बघा ना. तास संपले की माझं मानधन बंद, आणि गेले तीन आठवडे या लॅबचं मदत केंद्र मीच आहे. वीस वर्षं शिकवून मी आजही तासावर मोजला जातो! पुण्या-मुंबईच्या पोरांना हे सोसावं लागतं का? खानदेश नकाशावर आहे की नाही तुमच्या?

विद्यापीठात अशा खुल्या सॉफ्टवेअरची ताजी प्रत ठेवा, जिथून कॉलेजांना ती डिस्कवर नेता येईल. जिल्ह्याला एक पगारी माणूस द्या, मराठीत बोलणारा, फोन उचलणारा.

आज २४ एप्रिल. पाचपैकी तिघांचे नकाशे झाले आहेत. उरलेल्या दोघांसाठी मुदतवाढीचा अर्ज १० तारखेला दिला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक, तालुका साक्री, जि. धुळे