सर्दी असताना स्कूबा? एक वाक्य तरी छापायचं होतं

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला तारकर्लीच्या स्कूबावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलेय. पोहता येत नसलं तरी चालतं, आधी काही शिकावं लागत नाही, पंधरा मिनिटांत व्हिडिओ हातात, हे सगळं छापलंत. नाक चोंदलेलं असेल तर खाली जाऊ नका, हे एक वाक्य अख्ख्या लेखात नाही.

माझ्या बहिणीची मुलगी मागच्या डिसेंबरात कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेली होती. तिला सर्दी होती आणि तिने बोटीवर तसं सांगितलंही, तर उत्तर आलं, "काय्येक होवचा नाय." फॉर्म दिला पण वाचायला वेळ नाही, सही करा, बोट सुटायचीय. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, कोणी विचारलं नाही. खाली जाताना कान दुखायला लागला, ती कानाकडे बोट दाखवतेय हे त्यांनीच नंतर व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं, आणि गाइड तिचा हात खाली करून तिला कॅमेऱ्याकडे बघायला लावतोय तेही दिसतं. वर आली तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. घरी आल्यावर ईएनटीकडे नेलं तर कानाचा पडदा फाटलेला. पुढे तो आपोआप भरून आला, पण तोपर्यंत केस धुवायचे तरी कानात कापूस घालून, आणि पोरगी आता पाण्याचं नाव काढत नाही.

वीस फुटांवर काय होणार, असं सगळे म्हणतात. अहो, कानाला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो! दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे हवा निम्म्यात दबते, आणि पुढे कितीही खोल गेलात तरी दहा मीटरमध्ये इतका मोठा फरक पुन्हा पडत नाही. म्हणून उतरायला लागल्यापासूनच दर थोड्या अंतराने नाक दाबून हळू फुंकायचं, म्हणजे पडद्यामागे हवा पोचते. सर्दीत नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असते, हवा जात नाही आणि पडदा आत ओढला जातो. सर्दीची गोळी घेऊन पाण्यात जाणारेही असतात, त्या गोळीचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना हवा अडकते, ते आणखी वाईट.

मी स्वतः पुण्यातल्या एका डायव्हिंग क्लबबरोबर बरीच वर्षं जातेय, मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी. नेत्राणीच्या एका ट्रिपला आमच्यातल्या एकाला आदल्या रात्री शिंका सुरू झाल्या, सकाळी तो बोटीवर आला पण पाण्यात उतरला नाही, पैसे भरलेले असून दिवसभर आमचे टँक उचलून देत बसला, आणि कोणी एका शब्दाने आग्रह केला नाही. क्लबमध्ये पहिल्या दिवशी पूलमध्येच शिकवतात की अंगठा वर केला म्हणजे वर चला, आणि तो कोणीही, कधीही, कारण न देता करू शकतो. माझ्या भाचीला हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

मालवणच्या पोरांवर माझा राग नाही, समुद्र त्यांच्या अंगात आहे. पण बुकिंग घेणारा वेगळाच असतो, तो आधीच सांगतो रिफंड नाही, मग सर्दीवाला माणूस पैसे बुडू नयेत म्हणून उतरतो आणि पोरांना पुढच्या बोटीची घाई असते. पावसाळ्यात सगळं बंद, म्हणून दिवाळी ते मे एवढ्यातच वर्षाची कमाई, हे मला कळतं. तरी सर्दीवाल्याला पैसे परत द्या किंवा दुसरी तारीख द्या, एवढं तुमच्या पेपरने लावून धरावं. आणि पुढच्या रविवारी त्याच पानावर चौकट छापा: सर्दी, दमा, कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

अजून एक. "सकाळी स्कूबा, दुपारी चिपीहून फ्लाइट" असा प्लॅन लेखात दिलाय. एका डाइव्हनंतर निदान बारा तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर अठरा तास विमानात बसू नये असं डायव्हरांना शिकवतात. कृपया हे दुरुस्त करा, लोक पेपर कापून ठेवतात आणि तसंच करतात.

फोटोही मालवणचा नाही. आपल्याकडे चांगल्या दिवशीसुद्धा पाणी हिरवट असतं, इतकं निळं आणि लांबवर दिसणारं नसतं. असले फोटो बघून आलेले लोक मग बोटवाल्यांशी भांडतात, मी धक्क्यावर उभं राहून ऐकलंय.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे