आयुष्मान कार्डासाठी रविवारी या

बचत गटातल्या सर्व ताईंनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता जनता वसाहतीच्या समाजमंदिरात आयुष्मान कार्ड काढायचं आहे. या कार्डावर एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. मात्र ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. साध्या तापाच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

येताना आणा:
• घरातल्या प्रत्येकाचं आधार
• रेशनकार्ड
• आधारला जोडलेला मोबाईल (ओटीपी त्यावरच येतो, घरी ठेवून येऊ नका)

रेशनकार्डात सुनेचं, बाळाचं नाव आहे का, आजच बघा. तिथेच बहुतेकींचं अडतं.

सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांनाही आणा, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

दाखल होताना आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (या योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला) भेटा, मगच पैशाचं बोला. शंका असेल तर १४५५५ वर फोन करा. कार्डासाठी कुणालाही पैसे देऊ नका.