कमरेची बंदूक आणि माझ्या दुकानाचे दार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिले आहे की परवानाधारकांना पिस्तूल उघड कमरेला लावू द्यावे, म्हणजे गुंडांना जरब बसेल. अमेरिकेत तसेच चालते, असेही ते म्हणतात. मी बावीस वर्षे टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहते आणि त्यातली चौदा वर्षे किराणा दुकान चालवते आहे. अमेरिकेत काय चालते ते गल्ल्यावर बसून जसे दिसते तसे सांगते.

हे 'चालते' फार जुने नाही. काउबॉयचे सिनेमे पाहून आपल्याला वाटते की टेक्सासात पूर्वापार ज्याच्या त्याच्या कमरेला पिस्तूल. प्रत्यक्षात इथल्या विधिमंडळाने १८७१ सालीच पिस्तूल घेऊन हिंडण्यावर बंदी घातली आणि काही अपवाद सोडले तर ती १९९५ पर्यंत टिकली. ती उठली त्यामागे किलीन गावची एक दुपार आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी तिथल्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांना मारले. सुझाना हप ही बाई आईवडिलांबरोबर जेवायला गेली होती. तिचे रिव्हॉल्व्हर होते, पण कायदा मोडायला नको म्हणून तिने ते बाहेर गाडीतच ठेवले होते. आईवडील दोघेही त्या दिवशी गेले. पुढे ती जागोजागी साक्ष देत फिरली, नंतर आमदारही झाली. १९९५ साली परवाना घेऊन पिस्तूल झाकून बाळगायची मुभा मिळाली, त्यात तिच्या बोलण्याचा मोठा वाटा होता. तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

उघड्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. लांब बंदूक खांद्याला अडकवून फिरायला टेक्सासात बंदी नव्हतीच, पिस्तूल मात्र झाकलेले हवे. या विसंगतीवर बोट ठेवायला २०१३-१४ मध्ये काही मंडळी रायफली घेऊन हॉटेलांत जेवायला जाऊ लागली. शेवटी चिपोटले या हॉटेलसाखळीने जाहीर विनंती केली की कृपया शस्त्रे आणू नका. आंदोलन मात्र फळाला आले. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघड लावता येऊ लागले आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याचीही गरज उरली नाही. उघड लावायचे तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवे, एवढेच.

आता माझ्या दाराकडे या. दुकानदाराला नको असेल तर त्याने पाटी लावायची. झाकलेल्या पिस्तुलाला मनाई करणारी पाटी 'थर्टी-ओ-सिक्स', उघड्याला मनाई करणारी 'थर्टी-ओ-सेव्हन'. दोन्ही कलमांचे आकडे. मजकूर कायद्यात दिलेला, शब्दाला शब्द. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरे एक इंच उंच, लांबून उठून दिसतील अशा रंगात. बिनपरवान्यांसाठी आता तिसरीही आली आहे. सगळ्या लावल्या तर दाराच्या काचेतून आतली भाजी दिसायची नाही.

२०१९ पर्यंत मी एकही लावली नव्हती. ३ ऑगस्टला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, त्यात एकूण २३ जण गेले. त्याच्या पुढच्याच शनिवारी, संध्याकाळी साडेपाचच्या गर्दीत, साठीचा एक उंच गोरा माणूस दुकानात शिरला. चामड्याच्या होल्स्टरमध्ये भलेमोठे रिव्हॉल्व्हर. त्याला हळद हवी होती, सुनेने चिठ्ठी दिली होती. इतका सभ्य माणूस की दोनदा 'मॅम' म्हणाला. पण डाळींच्या रांगेतली एक बाई पोरांना ओढत बाहेर पडली ती ट्रॉली तिथेच टाकून. कढीपत्त्याची पाकिटे आणि दोन नारळ मी नंतर जागेवर ठेवले. दुकानात काम करणारी कॉलेजची मुलगी आट्याच्या पोत्यांमागे जाऊन उभी राहिली. मी बिल करत होते आणि नजर त्याच्या उजव्या हातावर. दहा डॉलर परत द्यायचे तर वीस दिले. त्यानेच दहाची नोट परत केली.

त्याने कायदा कुठेच मोडला नव्हता. जरब मात्र पुरेपूर बसली होती, ती त्या बाईला, त्या मुलीला आणि मला.

त्याच आठवड्यात मी 'थर्टी-ओ-सेव्हन' लावली. 'थर्टी-ओ-सिक्स' लावली नाही. यजमान म्हणाले, हा काय अर्धवटपणा? पण पुढच्याच महिन्यात वॉलमार्टनेही हेच केले: उघड शस्त्र आणू नका, परवान्याने झाकून आणले तर हरकत नाही. झाकलेले माझ्या गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून कोणी ट्रॉली टाकून पळत नाही. आणि खरे सांगायचे तर परवाना माझ्याकडेही आहे.

आमच्याच रांगेतले एक दुकान रात्री बंद करताना लुटले गेले, तेव्हा मी तो काढला. एक दिवसाचा वर्ग, लेखी परीक्षा आणि पन्नास गोळ्या: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरावरून दहा. अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण मिळाले की पास. शिकवणारे निवृत्त पोलीस होते. उघड लावू का, असे मी विचारले तेव्हा ते हसले. म्हणाले, चोर आत शिरला की आधी कोणाला आडवे करायचे हे त्याला शोधावे लागणार नाही.

पत्रलेखकांचा जरबेचा हिशेब इथे चुकतो. भुरटा कदाचित बिचकेल. ठरवून आलेला बिचकत नाही, तो आधी तुमचाच बंदोबस्त करतो. झाकलेल्याचा फायदा एवढाच की त्याला अंदाज लागत नाही. पण तो पोलिसांनाही लागत नाही. २०२१ साली कोलोरॅडोत आर्वाडा गावी एका नागरिकाने जवळच्या झाकलेल्या पिस्तुलाने हल्लेखोराला पाडले, मग त्याची रायफल उचलली आणि तेवढ्यात पोहोचलेल्या पोलिसाने हल्लेखोर समजून त्यालाच गोळी घातली. झाकलेले पिस्तूल बाहेर काढले की तेही उघडेच. डॅलसमध्ये ७ जुलै २०१६ च्या रात्री पाच पोलीस मारले गेले, तेव्हा मोर्चात रायफल घेऊन आलेल्या एकाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून ट्विटरवर टाकला. तो निर्दोष होता, बंदूकही त्याने आपणहून पोलिसाच्या हवाली केली होती. मोर्चात असे बरेच जण होते. गोळ्या सुटल्यावर कोण कोणाच्या बाजूचा हे ओळखायचे कसे?

गंमत अशी की शेजारच्या लुइझियानात १८१३ साली बंदी आली ती शस्त्र लपवून बाळगण्यावर. लपवतो तो दगाबाज, उघड लावतो तो मर्द, असा तेव्हाचा हिशेब. पत्रलेखकांच्या पत्रात मला तोच वास आला.

आपल्याकडे तर कायद्याने हा प्रश्न सोडवलेला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी परवान्याचे पिस्तूलही पूर्ण झाकलेले हवे आणि परजायला तर सक्त मनाई. तरी बीडमध्ये काय निघाले? मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर कळले की एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने होते, आणि रीलमध्ये हवेत गोळ्या झाडणारेही दिसले. ही बंदूक चोरासाठी नसते. ती लग्नाच्या वरातीत, जमिनीच्या भांडणात आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत समोरच्याला दिसावी म्हणून असते. तीच उघड लावायची मुभा द्या म्हणणे म्हणजे माझ्या दुकानातली ती संध्याकाळ गावच्या चावडीवर रोज घडवणे. आणि तिथला माणूस वरचे दहा रुपये परत करील याची खात्री मी तरी देणार नाही.

झाकून बाळगण्याच्या परवान्यांबद्दल मी काही बोलत नाही. ते कोणाला द्यावेत हे बीडचे पोलीस मला विचारणार नाहीत. माझे स्वतःचे पिस्तूल घरी तिजोरीत असते. दुकानात नेऊन पाहिले, आठवडाभर. चणाडाळ मापताना सारखा हात कमरेकडे जायचा, म्हणून सोडले.

पाटी मात्र अजून दारावर आहे. दर भाद्रपदात मंडळाची पोरे पोस्टर घेऊन येतात आणि म्हणतात, काकू, ही जरा बाजूला सरकवू का, बाप्पा नीट दिसत नाहीत. ठळक दिसलीच पाहिजे असा कायदा आहे, म्हणून मी नाही म्हणते. बाप्पा खालच्या काचेवर बसतात.

आपली,
एक वाचक, डॅलसजवळ, टेक्सास
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)