ग्रीन्सबरोच्या मावशींना

आदरणीय मावशी,
सा. न. वि. वि.

रीतसर आभाराचं पत्र नवऱ्याने इंग्रजीत पाठवलंच आहे. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, हे माझ्या माणसांना मराठीत सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. ‘माझं नाव कुठे छापू नकोस’ असं बजावलंत, म्हणून नुसतं मावशी.

माझ्या माहेरचं सोपं. नाशिकला तीर्थोपाध्यायांना गाव नि आडनाव सांगितलं की वहीतून पणजोबांची सही निघते. सासरचं तसं नाही. नवऱ्याचे पूर्वज अमेरिकेत, अलाबामाच्या हेल काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा; तुमचं ग्रीन्सबरो तिथलंच) कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी संपल्यानंतरच्या 1870च्या जनगणनेत कुटुंब नावानिशी सापडतं आणि त्याच्या मागे एकदम भिंत. 1850 आणि 1860च्या गुलामांच्या याद्यांत नाव असतं ते मालकाचं. खाली नुसतं वय, बाई की पुरुष, कातडीचा रंग.

तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत, हेल काउंटी झाली 1867 साली, बरीचशी ग्रीन काउंटीतून तोडून. त्याआधीचे कागद हवेत तर ग्रीनच्या मुख्य गावी, युटॉला जा. आणि मालक कधी मेला ते शोधा. तो गेला की मालमत्तेची मोजदाद होते, वाटण्या होतात. कोणाच्या वाट्याला कोण, हे कळायला तरी माणसांची नावं लिहावीच लागतात. इतकी कडू गोष्ट तुम्ही भाजीचा भाव सांगावा तशी सांगितलीत. मग आम्हांला एकटं न सोडता गाडीत येऊन बसलात.

युटॉचं जुनं कोर्टहाउस 1868 साली पेटवून दिलं होतं, पण प्रोबेटची, म्हणजे मृतांच्या मालमत्तेचे कागद ठेवायची, इमारत शेजारी वेगळी होती. तिथला तो जाडजूड खंड तुम्ही उघडलात, चष्मा कपाळावर सारलात आणि फिकट शाईखालून बोट सरकवत राहिलात. नांगर. खेचरांची जोडी. आणि त्याखाली खापरपणजीचं नाव, पुढे ‘आणि मूल’. त्यापुढचा डॉलरचा आकडा तुम्ही तळहाताने झाकलात. “आधी नाव वाच,” म्हणालात. नवऱ्याने मोठ्याने वाचलं. आकडा आम्ही नंतर पाहिला. तो इथे लिहीत नाही.

मी तर तिथेच पेढे वाटले असते. तुम्ही मात्र पेन्सिलीने ‘बहुधा’ लिहायला लावलंत. एका नावावर भरवसा ठेवायचा नाही; त्या यादीतली आजूबाजूची नावं 1870च्या शेजाऱ्यांत दिसतात का बघा. दिसली, एकामागून एक. 1867च्या मतदार नोंदणीत खापरपणजोबा सापडले, आडनावासकट. (पुरुषांनाच मत, म्हणून पुरुषांचीच यादी. खापरपणजी इथेही नाहीच.) तरी ‘बहुधा’ खोडायला तुमची परवानगी नाही, आणि मला ते पटलं. इंटरनेटवर एकमेकांचं बघून उतरवलेल्या वंशावळी पाहिल्या की तुमची पेन्सिल आठवते.

दफनभूमीचं थोडक्यात सांगते, कारण तो दिवस नवऱ्याचा होता. मळे जाऊन आता तिथे कॅटफिशची तळी आहेत. काळी माती मात्र आमच्या विदर्भातल्यासारखी, बुटांना चिकटून घरापर्यंत येणारी. जमिनीच्या मालकाला तुम्हीच फोन केलात. कोरलेला दगड एकही नव्हता. थडग्यांच्या जागी पूर्व-पश्चिम खचलेली जमीन आणि तिच्यावर पसरलेली पेरिविंकलची वेल. ही वेल दिसली की खाली माणसं आहेत असं समजायचं, हे तुम्हीच शिकवलंत.

आता एक काम अंगावर घेतलं आहेत, ते विसरू नका. चर्चची जुनी वही ज्या आजींच्या कपाटात आहे, त्यांना तुम्ही विचारणार होतात. आम्ही ऑक्टोबरात येतोय, लेकही सोबत आहे. चिवड्याचा डबा या वेळी मोठा आणते. मागचा तुम्ही गाडीतच संपवलात.

तुमची भाची