स्तोरारो सोडून दुसरा

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

इटालियन कॅमेरामन म्हटलं की तुझी गाडी स्तोरारोपाशी जाऊन थांबते. माणूस थोर आहेच, पण त्याचा प्रकाश लांबूनच ओळखू येतो. मला कोडं पडतं ते तोनिनो देल्ली कोल्लीचं. फ्रेम बघून याचं नाव सांगता येत नाही, आणि मला तीच त्याची ताकद वाटते.

१९३८ साली हा रोमचा पोरगा चिनेचित्ता स्टुडिओत शिरला. १९५२ मध्ये त्याच्या गळ्यात 'तोतो आ कोलोरी' पडला. फेरानियाकलर या इटलीतच बनलेल्या रंगीत फिल्मवरचा पहिला इटालियन कथापट, तोही विनोदी! फिल्म प्रकाशाला इतकी मंद की सेटवर लाइटांचा नुसता मारा. त्या उकाड्यात विनोदी नट तोतो कळसूत्री बाहुला होऊन हातपाय सोडतो, तो प्रसंग शोधून बघच.

मग १९६१ मध्ये पासोलिनीचा 'आक्कात्तोने'. दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा, कॅमेऱ्यातलं त्याला फारसं कळत नव्हतं. रोमच्या कडेच्या वस्त्या, रखरखीत ऊन आणि जुना इटालियन चित्रकार मासाच्चो याच्या भित्तिचित्रांतले वाटावेत असे समोरून टिपलेले चेहरे. १९६४ मध्ये ख्रिस्ताची कथा घेतली तेव्हा हीच भक्तिभावाची पद्धत फार गोड व्हायला लागली, म्हणून पासोलिनीनं ती मोडली. खटल्याच्या प्रसंगात कॅमेरा हातात आहे आणि गर्दीत मागे आहे. जत्रेत टाचा उंचावून बघावं तसं आपण लोकांच्या डोक्यांआडून येशूला बघतो. चेहरा नीट दिसतच नाही. अंगावर काटा येतो रे!

आणि दोनच वर्षांनी हाच देल्ली कोल्ली दिग्दर्शक लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'वर! तिथं टेक्निस्कोप ही रुंद पडद्याची स्वस्त पद्धत होती. एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच छिद्रांइतकी फिल्म लागते, म्हणजे फिल्मचा खर्च निम्मा. पडद्यावर दाणे जरा जास्त दिसतात, पण रुंद पडद्यासाठीच्या खास लेन्सची गरज नाही; साध्या लेन्सनं पार नाकाशी जाता येतं. म्हणून ते नुसत्या डोळ्यांचे क्लोजअप. स्पेनमधल्या बुर्गोसजवळ सैनिकांकडून हजारो खोट्या कबरी उभारून घेतल्या, त्या गोल मैदानात तिघं उभे, आणि पडद्यावर फक्त पापण्या आणि बोटं.

पुढे 'द नेम ऑफ द रोझ'मधला मठाचा काळोख, फेलिनी, पोलान्स्की या दिग्दर्शकांचे सिनेमे, सगळं झालं. शेवटचा सिनेमा १९९७ चा 'लाइफ इज ब्यूटिफुल'. त्याचा पहिला अर्धा भाग मला जरा साखरेत घोळल्यासारखा वाटतो, तू भांडशील, ठाऊक आहे. २००५ मध्ये तो गेला.

तो खटला आणि ते कबरस्तान एकाच रात्री लागोपाठ बघ. कुठला जास्त आवडला ते लिहूनच कळव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
सुहास